ट्रेक आणि कयाकिंग, दोन्हीला चालेल असं साधं हातातलं जीपीएस – कोणतं घ्यावं?

कातळवेडा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

गेल्या जुलैत खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर चाललो होतो. तोलार खिंडीच्या वरचा रेलिंगचा कातळ चढून गेलो आणि धुकं असं उतरलं की पुढच्याची सॅक दिसेना. त्यापुढे त्या प्रसिद्ध सात टेकड्या. चढा, उतरा, पुन्हा चढा, सगळ्या एकीसारख्या एक. चाळीसेक मिनिटं चालल्यावर एका दगडापाशी चिक्कीचा कागद पडलेला दिसला. कोण हे घाणेरडे लोक, असं म्हणेपर्यंत लक्षात आलं की कागद माझाच. खिशात टाकला असं मी समजत होतो. (उचलला. लाज वाटायची ती वाटली.) आजी असती तर म्हणाली असती, चकवा लागला.

ट्रॅक फोनमध्ये होता हो! पण ओल्या बोटांना स्क्रीन दाद देईना, आणि पावसाचे थेंब मात्र नकाशा हवा तिकडे सरकवत होते. शेवटी बॅटरी ३८ टक्के दाखवता दाखवता फोन बंदच पडला. मागून पाचनईकडचा एक गाववाला आला म्हणून देवळापर्यंत पोचलो.

दुसरं कारण म्हणजे आमच्या घरात यंदा कयाकिंगचं खूळ शिरलंय. आत्तापर्यंत पवना आणि मुळशी झालं. डिसेंबरात देवबागेला कर्ली खाडीत जायचं ठरतंय.

तर दोन्हीकडे चालेल असं एकच साधं यंत्र हवंय. बजेट पंधरा-वीस हजार. गाणी, कॅमेरा, घड्याळ काही नको. बटणांचं की टचचं? सेलवालं की चार्जिंगचं? आतमध्ये नकाशा लागतोच का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उंटावरचा_शहाणा

यंत्र घेऊच नका. फोनमध्ये ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स हे नकाशाचं अ‍ॅप टाका, महाराष्ट्राचा नकाशा आधीच उतरवून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर ठेवा, सोबत पॉवर बँक. फोनचं जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतं, हे अजून निम्म्या लोकांना माहीत नाही. पंधरा हजारात चांगले बूट, रेनकोट आणि वर दोन ट्रेक होतील.

सोंडधार

शहाणे, ऑक्टोबर ते मे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मीही तेव्हा फोनच वापरतो. पण धागाकर्त्याचा प्रश्न जुलैचा आहे आणि खाडीचा आहे.

कातळवेडा, सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

टच नकोच. तुमचा प्रश्न तुमच्याच पोस्टमध्ये सुटलाय. बटणं किंवा अंगठ्याने हलवायची दांडी असलेलं यंत्र घ्या. हात ओले असोत, चिखलाचे असोत, हातमोज्यातले असोत, चालतं.

आता मॉडेल. या किमतीत फिरून फिरून गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेवरच येतो आपण. जुनं ईट्रेक्स १० म्हणजे दोन डबल ए सेलवर पंचवीस तास, काळा-पांढरा पडदा. आता नवं मिळत नाही, पण वापरलेलं मिळालं तर आजही कामाचं. माझं तेच आहे. त्याच्या जागी २०२३ मध्ये ईट्रेक्स एसई आलं. पडदा तसाच एकरंगी पण बारीक रेषा स्पष्ट दिसतात, आत होकायंत्र आहे आणि कंपनी दोन सेलवर १६८ तास सांगते. नकाशा मात्र त्यात टाकता येत नाही. नकाशा हवाच असेल तर २२एक्स, त्यात रंगीत पडदा आणि मेमरी कार्डची सोय. ३२एक्समध्ये त्यावर होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारा सेन्सर.

होकायंत्राचं एवढं कौतुक का, ते सांगतो, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. होकायंत्र नसलेलं यंत्र तुम्ही *चालत असताना* दिशा दाखवतं. मागचा बिंदू आणि आत्ताचा बिंदू जोडून तुम्ही कुठे चाललात ते त्याला कळतं. उभे राहिलात की त्याला काहीच कळत नाही आणि बाण भिरभिरायला लागतो. आणि माणूस बाणाकडे कधी बघतो? वाट चुकली की. म्हणजे नेमका उभा राहून! मी १० वापरतो तेव्हा दहा-पंधरा पावलं सरळ चालून मग बघतो. नवख्या माणसाला हे धुक्यात सुचत नाही. म्हणून तुम्ही एसई घ्या किंवा ३२एक्स. फक्त सेल बदलले की होकायंत्र पुन्हा जुळवून घ्यायचं, यंत्र हातात गोल गोल फिरवून. लोक हसतात, हसू द्या.

आणि शेवटचं. जीपीएस वाट *शोधत* नाही. गेलेली वाट जपून ठेवतं. गाडीतून उतरलात की सर्वात आधी तिथे खूण करा, ट्रॅक सुरू करा, मग यंत्र सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्याला लावा. सॅकच्या तळाशी डब्याखाली नको, त्याला आभाळ दिसायला हवं. सात टेकड्यांत तुमच्याकडे नुसती मागची रेघ असती तरी तुम्ही स्वतःच्याच चिक्कीपाशी पोचला नसतात.

मुंगळा

वाचनखूण साठवली. चिक्कीचा किस्सा भारी!

गावठी_नाखवा

देवबागेचं नाव निघालं म्हणून लिहितोय. आम्ही इथलेच.

डोंगरवाल्यांनी डोंगराचं सांगितलं, आता पाण्याचं ऐका. पहिलं म्हणजे ईट्रेक्स *तरंगत नाही*. आयपीएक्स ७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास आत पाणी जाणार नाही एवढाच. कर्लीच्या तळाला ते यंत्र आतून कोरडंच राहील, पण तुमच्याकडे नसेल. तरंगणारी हवी तर जीपीएसमॅप ७८, ७९ ही होडीवाल्यांसाठीची आहेत, पण ती अंगाने मोठी आणि तुमच्या बजेटबाहेर. ईट्रेक्सला जाड दोरी बांधा आणि दुसरं टोक लाइफ जॅकेटला. कयाकला नको. कयाक उलटली आणि वाऱ्याने लांब गेली की यंत्रही तिच्याबरोबर जातं. आणि गळ्यातही नको, पाण्यात पडल्यावर गळ्याभोवती दोरी कशाला? काही जण मनगटावरचं फोरट्रेक्स वापरतात, वल्हवताना नजर टाकायला ते बरं, पण त्याचे सेल बारीक, ट्रिपल ए.

खारं पाणी लागलं की संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायचं, पुसायचं, वाळवायचं. मागचं झाकण उघडाल तेव्हा रबराच्या कडेवर वाळूचा एक कण राहिला तरी तिथूनच पाणी शिरतं. माझं जुनं यंत्र तसंच गेलं, दोष माझाच, किनाऱ्यावर वारा असताना सेल बदलायला बसलो होतो.

आता यंत्राचा खरा उपयोग. खाडीत हरवायला होत नाही असं वाटतं, दोन्हीकडे काठ दिसतो ना! पण कांदळवनाच्या आतल्या फाट्यांत शिरा. दोन्ही बाजूंना हिरवी भिंत, तीच मुळं, तोच चिखल, आणि भरतीला जिथून आत आलात तो फाटा ओहोटीला गुडघाभर चिखल झालेला. यंत्रावर बघायची गोष्ट नकाशा नाही, *वेग*. बिनप्रवाहाच्या पाण्यात नवखा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर जातो. तेवढीच ताकद लावून आकडा दोनवर आला तर समजायचं पाणी उलटं फिरलं. डोळ्याला ते कळत नाही, कारण पाणी तर सपसप मागे पळताना दिसतंच. आकडा एकच्या खाली गेला की काठाला लागायचं, चहा प्यायचा आणि पाण्याने मत बदलायची वाट बघायची.

उंटावरचा_शहाणा

@नाखवा, वेग तर फोनपण दाखवतो.

गावठी_नाखवा

दाखवतो की. पारदर्शक पिशवीत घातलेल्या फोनवर दुपारी बारा वाजता, समोरून पाण्याची तिरीप येत असताना, हातात वल्हं धरून वाचून दाखवा. जेवण माझ्याकडे. हे एकरंगी पडदे उन्हात उलटे जास्त स्पष्ट होतात, फोनचं बरोबर उलटं.

हिशेबनीस

सेलबद्दल कुणीच नीट बोललं नाही म्हणून.

डबल ए वालंच घ्या. कारण सोपं आहे: बामणोलीच्या टपरीतही डबल ए सेल मिळतो. (वासोट्याला जाताना बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीने जावं लागतं. म्हणजे डोंगर आणि पाणी एकाच दिवशी. कातळवेडा, यंत्राची पहिली परीक्षा तिथेच घ्या, बोटीत बसल्या बसल्या ट्रॅक सुरू करून.) रोजच्या वापराला रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल, दोन हजार एमएएचचे. ते १.२ व्होल्टचे असतात, साधे अल्कलाइन १.५ चे. म्हणून मेनूत जाऊन सेलचा प्रकार सांगावा लागतो, नाहीतर यंत्र भरलेल्या सेललाही अर्धा रिकामा समजतं आणि उगाच घाबरवतं. हिमालयात थंडीत जाणार असाल तर लिथियमचे एकदाच वापरायचे सेल.

आणि पावसाळा संपला की सेल बाहेर काढून ठेवा. अल्कलाइन सेल महिनोन्महिने आत राहिले की फुटतात आणि पांढरा क्षार पत्र्यांवर चढतो. टीव्हीच्या रिमोटमध्ये सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण पंधरा हजारांच्या वस्तूत बघायची वेळ आली की हात थरथरतात. अनुभवाचे बोल.

बे_एरियातली_मावशी

इकडे एसईची सुरुवातीची किंमत १५० डॉलर होती, सवलतीच्या दिवसांत आणखी उतरते. दिवाळीत पुण्याला येतेय, कुणाला हवं असेल तर आणू शकेन. माझ्याकडे इनरीच मिनी पण आहे, नेटवर्क नसताना उपग्रहावरून मेसेज आणि एसओएस जातो. ट्रेकसाठी तेच आणलं तर जास्त सुरक्षित नाही का?

सोंडधार

मावशी, थांबा!! इनरीच भारतात आणू नका. साधं जीपीएस उपग्रहांचं फक्त *ऐकतं*. इनरीच उपग्रहाशी *बोलतं*, आणि असं उपकरण परवानगीशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, सॅटेलाइट फोनसारखंच. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याला दाबोळी विमानतळावर कॅनडाहून आलेल्या एका बाईंना इनरीचसह ताब्यात घेतलं होतं. बातम्यांत आलं होतं सगळं. त्या काही हेर नव्हत्या, धावपटू होत्या.

बे_एरियातली_मावशी

अगं बाई! बरं झालं विचारलं. दर वेळी हॅण्डबॅगेतच असतं ते माझ्या. आता घरीच राहील.

भारतीय_काटा

आपलं स्वतःचं नाविक (भारताची जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा) असताना सगळे अमेरिकन जीपीएसच्या मागे का? नाविक चालणारं यंत्र सुचवा ना.

जुना_टोपोशीटवाला

भावना पोचली. पण नाविकची रचना सात उपग्रहांची आणि मूळचे संदेश एल ५ आणि एस या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर. साधी यंत्रं ऐकतात ती एल १ पट्टी, आणि त्यावर नाविक बोलायला लागलं ते २०२३ च्या मे महिन्यात सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून. काही फोनमध्ये नाविक आहे, वर ज्यांची नावं आली त्या स्वस्त यंत्रांत नाही. पण आपली एक वस्तू तुम्ही नकळत वापरू शकता: गगन. मेनूत 'वास/ईग्नॉस' असं काहीतरी अगम्य लिहिलेलं असतं. ते चालू केलं की भारतात गगनच्या उपग्रहांकडून दुरुस्त्या येतात. माझ्या जुन्या यंत्रात उपग्रहांच्या पानावर ४० आणि ४१ क्रमांकाच्या काड्या उभ्या राहिल्या की समजायचं, गगन दिसलं.

अवांतर: २००० सालच्या मे महिन्याआधी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घातलेली असायची, शंभरेक मीटरची. तेव्हा यंत्र घेऊन फिरणाऱ्यांना आम्ही हसायचो. आता तेच मोकळ्या माळावर तीन-पाच मीटरवर आणून ठेवतं. सांदण दरीसारख्या घळीत मात्र आजही भरवसा ठेवू नका. वर आभाळाची फट तेवढी दिसते आणि लहरी कातळावर आपटून येतात, ट्रॅक बघाल तर तुम्ही भिंतीतून आरपार चालत गेलेले असता.

आता मूळ मुद्दा. यंत्र कुठलंही घ्या, माणसं चुकतात ती आकडे भरताना. राजगडाचा अक्षांश १८.२४६. हे दशांश अंश आहेत. यंत्र बरेचदा अंश आणि मिनिटं मागतं. घाईत कुणी १८ अंश २४.६ मिनिटं असं भरलं, की राजगड अठरा किलोमीटर उत्तरेला सरकला, खडकवासल्याच्या बॅकवॉटरकडे कुठेतरी! खरं उत्तर १८ अंश १४.८ मिनिटं. (०.२४६ ला ६० ने गुणा.) रेखांशाला तरी नशिबाने चूक सापडते, कारण ७३.६८२ चे '६८ मिनिटं' यंत्र घेतच नाही. अक्षांशाला ते मुकाट्याने घेतं.

तसंच जुनी टोपोशीट (सरकारी कागदी नकाशे) वापरणाऱ्यांनो, ती एव्हरेस्ट डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजायच्या पायावर) आहेत आणि यंत्र डब्ल्यूजीएस ८४ वर. मेनूत बदल न करता त्या कागदावर बिंदू मांडला तर शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. देशावर शंभर मीटर म्हणजे शेजारचं शेत. घाटमाथ्यावर शंभर मीटर म्हणजे कोकण.

मुंगळा

"शंभर मीटर म्हणजे कोकण" 😂 हे फ्रेम करून लावतो.

उंटावरचा_शहाणा

मला एक कळत नाही. एसईमध्ये नकाशाच नाही, नुसती रेघ. कड्याच्या टोकावर उभा असलेला माणूस त्या रेघेवरून काय समजणार? २२एक्समध्ये ओपनस्ट्रीटमॅपचा फुकट नकाशा टाकता येतो, समोच्च (सारखी उंची दाखवणाऱ्या) रेषांसकट. घ्यायचंच असेल तर ते तरी घ्या.

सोंडधार

टाकता येतो, मी मित्राच्या यंत्रात टाकूनही दिला आहे. पण २.२ इंच पडदा आहे हो तो. पोस्टाच्या तिकिटावर सह्याद्री! समोच्च रेषा कड्यापाशी एकमेकींत मिसळून काळी पट्टी होते, आणि ढोरवाटा तर ओपनस्ट्रीटमॅपवर बऱ्याच नाहीतच, किंवा कुणीतरी चुकून गेला तीही वाट म्हणून चढवलेली असते. नकाशा घरी मोठ्या पडद्यावर बघा, फोनवर ठेवा, जमलं तर कागदावर छापून घ्या. यंत्राकडून दोनच गोष्टी मागा: मी कुठे आहे आणि कुठून आलो.

एक मात्र मान्य करतो. दुसऱ्याचा ट्रॅक टाकून अनोळखी घाटवाटेने *उतरणार* असाल, तर नुसती रेघ धोक्याची. रेघेच्या डावीकडे काय आहे ते तिला माहीत नसतं. त्यासाठी मी गावातला वाटाड्या घेतो, त्याला पर्याय कुठलंच मॉडेल नाही.

उंटावरचा_शहाणा

वाटाड्याच्या मुद्द्यावर बिनशर्त शरणागती.

कातळवेडा

सर्वांचे आभार. एसई घेतलं. मावशींची वाट पाहिली असती तर स्वस्तात पडलं असतं, पण धीर निघाला नाही.

काल मुळशीला पहिली चाचणी घेतली. नाखवांनी सांगितल्याप्रमाणे दोरी लाइफ जॅकेटला. निघताना काठावर खूण केली आणि मुद्दाम वळणं घेत तासभर आत गेलो. परत फिरताना वारा तोंडावर. ४.६ चा आकडा ३.१ वर आला आणि बायको मागून म्हणाली, "तू दमलास." मी म्हटलं, वारा आहे, यंत्र सांगतंय. तिने यंत्र घेतलं, जागा बदलली, पुढे बसून वल्हवलं. आकडा ३.८. तेव्हा वारा थोडा होता आणि उरलेलं मी दमलो होतो, असा निष्कर्ष निघाला. या खर्चाचा हा उपयोग कुणी आधी सांगितला नव्हता.

दोन तक्रारी. एक, त्या दांडीने खुणेचं नाव लिहिणं म्हणजे छळ आहे. 'गाडी' हे रोमन लिपीत लिहायला मला दोन मिनिटं लागली. दोन, पहिल्यांदा चालू केल्यावर जागा पकडायला बराच वेळ घेतला, नंतर मात्र लगेच.

आता नाखवा, डिसेंबरात कुठल्या तारखेला येऊ ते सांगा.

सोंडधार

पहिल्यांदा वेळ लागणारच, उपग्रहांचं वेळापत्रक ते यंत्र आभाळातूनच उतरवून घेतो. ट्रेकच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर दहा मिनिटं ठेवा. नावं मी लिहीतच नाही. ००१ म्हणजे नेहमी गाडी, बाकीचं वहीत.

गावठी_नाखवा

तारीख नाही, तिथी विचारा. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. आमच्या आजोबांचं गणित, अजून चालतं. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. खाडीत आत जाल तशी थोडी उशिरा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी जोरात ओढतं, नवख्यांनी टाळावं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, पाणी शांत, पण सहाची भरती तुम्हा शहरवाल्यांना झेपायची नाही.

तेव्हा द्वादशीला या. सकाळी साडेसहाला देवबागेहून पाण्यात, भरतीबरोबर आत. नऊला पाणी थांबेल, तिथेच डबा खा. मग ओहोटीबरोबर बाहेर. संगमाच्या तोंडापर्यंत मात्र येऊ नका, तिथे वाळूचे पट्टे जागा बदलतात आणि ओहोटी समुद्राकडे खेचते. त्याच्या बरंच अलीकडे माझं घर आहे, पायरीपाशी लाल पडाव बांधलेला असतो.

तिथे खूण करून ठेवा. ००१.

कातळवेडा

००१ गाडीला आहे. तुम्हाला ००२ चालेल का?

गावठी_नाखवा

चालेल. चिक्की आणा, कागद परत न्या.